लिब्रिव्हॉक्स : बोललेल्या मजकुरावर ॲनिमेशन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानाने

ॲनिमेशनच्या बहुतेक अभ्यासक्रमांत केव्हा ना केव्हा एक स्वाध्याय येतोच : बोललेला मजकूर घ्या आणि त्यावर मिनिटभराचे ॲनिमेशन करा. ऐकायला सोपा वाटणारा हा स्वाध्याय विद्यार्थ्याला पेन्सिल हातात घेण्याआधीच अडवतो, कारण मजकूर कुठून आणायचा हेच ठरत नाही. मग गाजलेले भाषण, चित्रपटातला पल्लेदार संवाद किंवा एखाद्या विनोदवीराचा तुकडा उचलला जातो आणि दोन अडचणी एकदम ओढवतात. त्या आवाजामागचा चेहरा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आधीच असतो, त्यामुळे नव्या चित्राला जागाच उरत नाही. दुसरी अडचण स्वामित्वहक्काची असते : वर्गात दाखवण्यापुरते चालून गेलेले काम एखाद्या महोत्सवाला पाठवायची वेळ आली, की परवानगीवाचून अडून बसते. या दोन्हींवर उतारा म्हणून लिब्रिव्हॉक्स ही विनामूल्य ध्वनिपुस्तकांची सेवा कितपत उपयोगी पडते, याचे हे परीक्षण आहे. निवांत बसून पुस्तक ऐकणाऱ्या श्रोत्याचा विचार यात केलेला नाही. तिथला आवाज उचलून त्यावर फ्रेम मोजत काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागते, तेवढेच पाहिले आहे.

ह्यू मॅग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये लिब्रिव्हॉक्स सुरू केले. ज्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क संपला आहे ती स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून वाचायची, ध्वनिमुद्रित करायची आणि ती ध्वनिमुद्रणेही कोणताही हक्क न राखता सगळ्यांना देऊन टाकायची, अशी ही साधी योजना आहे. वाचकांना मानधन मिळत नाही आणि त्यांच्या आवाजाची परीक्षाही घेतली जात नाही. नव्या वाचकाकडून मिनिटभराचे चाचणी-ध्वनिमुद्रण मागितले जाते, तेही मायक्रोफोन आणि ध्वनीची पातळी ठीक आहे की नाही हे पाहण्यापुरते. उच्चार, धाटणी, वय किंवा मातृभाषा पाहून कोणाला परत पाठवले जात नाही. आज तिथे हजारो पुस्तके आहेत आणि त्यांच्या फायली इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथालयात ठेवलेल्या असल्यामुळे त्या उतरवून घ्यायला खाते उघडावे लागत नाही.

ध्वनिपुस्तकाच्या नेहमीच्या ग्राहकाला या योजनेतली जी गोष्ट खटकते, तीच ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला हवी असते. व्यावसायिक वाचकाचा आवाज घोटून गुळगुळीत केलेला असतो. वाक्यामागून वाक्य एकाच चालीत येते आणि माणूस त्यामागे लपून जातो. लिब्रिव्हॉक्सवर निवृत्त शिक्षिकेसारख्या शिस्तीने वाचणारा आवाज असतो, शेजारच्या प्रकरणात कोणीतरी घाईने, जणू बस पकडायची आहे अशा बेताने वाचत असतो आणि तिसऱ्या प्रकरणात परकी भाषा सावधपणे एकेक शब्द उचलत वाचणारा कोणी असतो. एकाच कादंबरीची प्रकरणे वेगवेगळ्या लोकांनी वाचलेली असली, तर श्रोत्याचा रसभंग होतो हे खरे. पण पात्र शोधायला निघालेल्याला एका पुस्तकात अनेक पात्रे सापडतात, आणि त्या पात्रांचा पुस्तकातल्या पात्रांशी काही संबंध नसतो.

माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग कादंबऱ्यांत नाहीच. तो साप्ताहिक आणि पाक्षिक कवितांच्या विभागात आहे. तिथली पद्धत अशी, की एक कविता निवडली जाते आणि इच्छा असेल त्या प्रत्येकाने ती वाचून पाठवायची. मुदत संपली की सगळी वाचने एका ठिकाणी एकत्र प्रसिद्ध होतात. त्या पानावर कवितेचे तेच नाव ओळीने येते आणि बदलत जातात ती वाचकांची नावे आणि वाचनाला लागलेला वेळ. विद्यार्थ्याने सर्वांत आधी हा वेळेचा रकाना पाहावा. तीच कविता कोणी चाळीस सेकंदांत संपवतो, तर कोणाला सत्तर सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने पहिल्या वाचनाचे ९६० फ्रेम होतात आणि दुसऱ्याचे १,६८०. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवले, तर ४८० आणि ८४० चित्रे. शब्द तेच असूनही हे दोन वेगळे चित्रपट आहेत, आणि एकट्याने सत्रभरात काम उरकायचे असेल तर हा फरक केवळ सौंदर्याचा राहत नाही.

पण खरा फरक लांबीच्या आत असतो. अशी सात-आठ वाचने लागोपाठ ऐकली, की कवितेचा अर्थ हळूहळू मागे पडतो आणि वाचणाऱ्याचे वागणे पुढे येते. एक वाचक ओळ संपली की थांबतो, मग वाक्य अर्धवट राहिले तरी त्याला पर्वा नसते. दुसरा ओळी ओलांडून वाक्याच्या मागे जातो. तिसऱ्याचा श्वास पुरत नाही आणि तो भलत्याच ठिकाणी, विशेषण आणि नाम यांच्या मध्ये, पटकन हवा घेतो. ऑडॅसिटीसारख्या साध्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल उघडून ध्वनितरंगाचे चित्र मोठे केले, तर तो श्वास दोन जाड पट्ट्यांमधल्या पातळ केसाळ रेघेसारखा दिसतो. त्याची लांबी साधारण तृतीयांश सेकंद धरली, तरी हातात आठ फ्रेम येतात. आठ फ्रेममध्ये खांदे वर जाऊन खाली येऊ शकतात, नजर कागदावरून उचलली जाऊ शकते, एखादा हात काही उचलायला पुढे होऊन मागे फिरू शकतो. कवितेत यातले काहीच लिहिलेले नाही. हे सगळे त्या वाचकाने, त्याच्याही नकळत, पुरवलेले असते. प्रेरणा शोधायची म्हणजे नेमके काय करायचे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना हा श्वास शोधायला सांगतो. मजकूर आवडला की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

याचे कारण ॲनिमेशनच्या कामाच्या क्रमात आहे. संवाद असलेल्या ॲनिमेशनमध्ये आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रे त्याच्यामागून येतात, कारण चित्राला स्वतःचा वेळ नसतो. तो आवाजाकडून उसना घ्यावा लागतो. ध्वनिपट्टी फ्रेमगणिक ऐकून कोणता वर्ण कोणत्या फ्रेमवर पडतो याची नोंद एक्स-शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, करायची, म्हणजे चित्रांचा सांगाडा तयार होतो. ही नोंद हाताने केलेलीच चांगली. आवाजावरून ओठांचे आकार आपोआप सुचवणारी साधने आता सहज मिळतात आणि ती ओठांपुरते काम चोख करतात, परंतु वाचक कुठे चाचरला, कुठे त्याचा स्वर वर गेला आणि कुठे तो कंटाळला हे त्यांच्या नोंदीत उतरत नाही. मिनिटभराच्या आवाजाची एक्स-शीट हाताने भरणाऱ्या विद्यार्थ्याला ते ध्वनिमुद्रण पाठ होते. त्यानंतर त्याने काढलेला स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्ररूप आराखडा) आणि केवळ छापील कविता समोर ठेवून काढलेला स्टोरीबोर्ड यांत फरक इतका उघड असतो, की तो सांगावा लागत नाही. छापील कवितेवरून काढलेल्यात झाड म्हटले की झाड येते आणि पाऊस म्हटला की पाऊस.

ओठांबद्दल थोडेसे. ओष्ठ्य वर्णांना, म्हणजे प, फ, ब, भ, म यांना, मिटलेले ओठ निदान दोन फ्रेम दिसावेच लागतात. तेवढे सांभाळले तर बाकीच्या तोंडाच्या आकारांत बरीच ढिलाई खपते. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलले तर डोळ्याला ते बरोबर वाटते, उशिरा हलले तर लगेच खटकते. लिब्रिव्हॉक्सवरच्या संथ वाचनांत हे हिशेब सांभाळणे सोपे जाते, त्यामुळे पहिल्यांदाच लिपसिंक, म्हणजे ओठ आणि आवाज यांचा मेळ, करणाऱ्याने मुद्दाम संथ वाचक निवडावा.

आता या सेवेच्या मर्यादा, आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे शोधाची. पुस्तकाचे नाव, लेखक, विषय, भाषा, वाचक यांवरून शोध घेता येतो. एकट्याने वाचलेले की अनेकांनी मिळून वाचलेले हेही निवडता येते. पण ॲनिमेटरला ज्यावरून शोधायचे असते त्यावरून काहीच शोधता येत नाही. म्हातारा आवाज, दबका आवाज, हसू लपवणारा आवाज अशी वर्गवारी तिथे नाही. वाचकांना गुण देण्याची पद्धतही संस्थेने मुद्दाम ठेवलेली नाही, कारण जो वाचायला तयार आहे त्याचे स्वागत करायचे हे तिचे धोरण आहे. धोरण म्हणून ते योग्यच आहे, पण त्याचा भार विद्यार्थ्याच्या कानांवर पडतो. एकच उपाय उरतो : कवितांच्या संग्रहांत फिरत राहायचे, एखादा आवाज मनात भरला की त्या वाचकाच्या नावावर जायचे आणि त्याने वाचलेले सगळे समोर मांडून त्यातून मजकूर निवडायचा. म्हणजे आधी माणूस, मग मजकूर. सुरुवातीला हे उलटे वाटते. पण या विशिष्ट कामासाठी तोच क्रम बरोबर आहे, आणि शोधयंत्राच्या उणिवेने तो आपल्यावर लादला याबद्दल मी तक्रार करणार नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. इथे सगळे वाचलेले आहे, सहज बोललेले काहीही नाही. बोललेल्या आवाजावर ॲनिमेशन करण्याच्या परंपरेतल्या नावाजलेल्या कामांचा पाया मात्र अलिखित बोलण्यावर आहे. जॉन आणि फेथ हबली यांनी १९५९ च्या ‘मूनबर्ड’साठी आपल्याच लहान मुलांचा खेळता खेळता चाललेला संवाद ध्वनिमुद्रित केला होता. निक पार्क यांच्या १९८९ च्या ‘क्रिएचर कम्फर्ट्स’मध्ये सामान्य माणसांनी आपल्या राहण्याच्या जागेबद्दल दिलेल्या मुलाखती प्राणिसंग्रहालयातल्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातल्या आहेत. दोन्हींना ऑस्कर मिळाले, पण इथे त्यांचा उल्लेख त्यासाठी नाही. या दोन्हींत गंमत येते ती अडखळण्यातून, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरीकडे वळण्यातून, योग्य शब्द सापडेपर्यंतच्या ‘म्हणजे’ आणि ‘तसं’ यांतून. लिब्रिव्हॉक्सच्या वाचनात हे मिळत नाही. त्यातही प्रत्येक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होण्याआधी दुसरा स्वयंसेवक ते तपासून ऐकतो, आणि दोनदा वाचले गेलेले वाक्य, लांबलेली शांतता, चुकून राहिलेला आवाज अशा गोष्टी दुरुस्त करायला लावतो. ध्वनिपुस्तकासाठी हे आवश्यक आहे. आपल्यासाठी मात्र त्यात बराचसा कच्चा माल गाळला जातो. उरतात ते श्वास, आघात आणि गती.

नाट्यवाचनांच्या विभागाकडे विद्यार्थी साहजिकच धावतात, कारण तिथे प्रत्येक पात्राला वेगळा आवाज असतो. त्यांनी जपून पाऊल टाकावे. ही वाचने जमवली जातात ती प्रत्येक वाचकाने आपापले संवाद एकट्याने, वेगळ्या जागी, वेगळ्या मायक्रोफोनवर म्हटल्यानंतर. एकाचा आवाज कानाशी बोलल्यासारखा जवळचा, तर दुसऱ्याचा रिकाम्या खोलीतला घुमणारा. त्याहून मोठी उणीव अशी, की समोरच्याचे वाक्य कानावर पडून त्यावर आलेली प्रतिक्रिया त्यांत नसते. कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही. दोन पात्रांचा अभिनय करायचा म्हणजे ऐकणाऱ्याचाही अभिनय करायचा असतो, आणि ऐकणे इथे झालेलेच नसल्यामुळे तो पूर्णपणे चित्रातून निर्माण करावा लागतो. ज्याला हे आव्हान वाटते त्याने जरूर घ्यावे. दोन माणसे एकमेकांशी बोलत असूनही एकमेकांचे ऐकत नाहीत, अशी कल्पना असेल तर मग ही उणीव थेट कामालाच येते.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगता येते. वाचकांकडून १२८ केबीपीएसच्या, ४४.१ किलोहर्ट्झच्या एकध्वनी (मोनो) एमपीथ्री फायली घेतल्या जातात आणि आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास ठेवायला सांगितलेले असते. त्यामुळे एका वाचकावरून दुसऱ्याकडे जाताना आवाज अचानक लहानमोठा होत नाही. मात्र पार्श्वभूमीची घरघर, खोलीचा घुमारा आणि ओठांचे चटचटणे यांत बरीच तफावत असते. इंटरनेट अर्काइव्हवर ६४ केबीपीएसची लहान फाइलही मिळते. ती घेऊ नये. एमपीथ्रीच्या सुरुवातीला आवाजाची अतिसूक्ष्म रिकामी पट्टी जोडली जाते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती सारखी हाताळीलच असे नाही. २४ फ्रेमच्या कामात एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४२ मिलिसेकंद असल्यामुळे हा फरकही ओठांवर जाणवू शकतो. फाइल उतरवल्यावर एकदाच वेव्ह या ध्वनिफायलीच्या प्रकारात बदलून घ्यावी आणि एक्स-शीटपासून शेवटच्या जोडणीपर्यंत तीच वापरावी, म्हणजे प्रश्न मिटतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभी हे लिब्रिव्हॉक्सचे ध्वनिमुद्रण आहे आणि ते सर्वांसाठी खुले आहे, अशा अर्थाची सूचना वाचकाच्याच आवाजात असते, आणि शेवटी काही सेकंदांची शांतता असते. सूचना कापून टाकायला हरकत नाही. शेवटची शांतता मात्र जपून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. त्या शांततेत वाचकाच्या खोलीचा नुसता आवाज असतो. शब्दांमध्ये जागा वाढवायची झाली, तर तीच शांतता तिथे पसरता येते. पूर्ण नि:शब्द पट्टी घातली की कानाला खड्डा लागतो.

मजकुराच्या जुनेपणाबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. हक्क संपलेले साहित्य म्हणजे बहुतांशी शंभरएक वर्षांपलीकडचे साहित्य. त्यातली वाक्ये लांब, वर्णने अलंकारिक आणि पात्रे त्यांच्या काळाच्या समजुती बाळगणारी. शिवाय बहुतेक ध्वनिमुद्रणे इंग्रजीत आहेत. इतर युरोपीय भाषा बऱ्यापैकी आहेत, पण भारतीय भाषांचा वाटा फारच तोकडा आहे, त्यामुळे मराठीतच काम करायचे ठरवलेल्याला इथून पद्धत शिकता येईल, माल मिळणार नाही. या जुनेपणातून वाट काढण्याचा माझा आवडता मार्ग ललितेतर मजकुराचा आहे. लघु-ललितेतर संग्रहांत निबंध, पत्रे, प्रवासवर्णने, सल्ले, जुन्या शास्त्रीय नोंदी असे काहीही एकत्र नांदते. आणि त्याच्याही पुढे जाऊन संस्थेने ‘निद्रानाश संग्रह’ या नावाची एक मालिका केली आहे, जिच्यात झोप यावी म्हणून मुद्दाम रटाळ मजकूर निवडून वाचलेला असतो. हा विनोद कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, पण ॲनिमेशनसाठी त्याच्याइतका सुपीक कोपरा मला या सेवेत दुसरा दिसला नाही.

कारण सरळ आहे. ज्या मजकुरात प्रतिमा ठासून भरलेल्या असतात तो ॲनिमेटरला फक्त नोकर बनवतो; शब्दाने सांगितलेलेच हाताने पुन्हा काढायचे. नियमावली, मोजमापांची यादी, एखाद्या यंत्राच्या देखभालीची सूचना अशा मजकुरात चित्र जवळपास नसतेच, आणि म्हणूनच पडद्यावर काय घडेल याचा निर्णय पूर्णपणे आपल्या हाती येतो. गंभीर, एकसुरी आवाज यंत्राचे भाग मोजत असताना पडद्यावर कोणीतरी घर सोडून जाण्याची तयारी करत असेल, तर यादीतली प्रत्येक वस्तू त्या जाणाऱ्याच्या सामानातली वस्तू होते, आणि शब्द व चित्र यांच्यामध्ये एक ताण उभा राहतो. त्या वाचकाने कोणताही भाव घातलेला नसतो; प्रेक्षक तो स्वतः घालतो. अशा मजकुराची लांबीही हवी तशी तोडता येते, कारण यादी कुठूनही सुरू करून कुठेही थांबवली तरी बिघडत नाही. कवितेच्या बाबतीत हे स्वातंत्र्य नाही. सामान्य गतीने वाचलेल्या इंग्रजी गद्याचे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द होतात, हे ध्यानात ठेवून मजकुराचा तुकडा आधी कागदावर मोजून घ्यावा.

हक्कांच्या बाबतीत लिब्रिव्हॉक्सची बाजू फार स्वच्छ आहे, तरी एक खाच आहे. ध्वनिमुद्रणावर कोणाचाही हक्क उरलेला नसतो. ते कापा, उलटे वाजवा, त्यावर चित्रपट करून तो विका, परवानगी मागावी लागत नाही आणि नामनिर्देशही सक्तीचा नाही. मूळ मजकुराचा हक्क मात्र अमेरिकेच्या कायद्यानुसार तपासलेला असतो. तिथे जुन्या प्रकाशित साहित्याचा हक्क साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे चालतो, तर इतर बहुतेक देशांत तो लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात, कुठे ५० वर्षे, कुठे ६०, कुठे ७०. त्यामुळे तरुणपणी पुस्तक लिहून पुढे दीर्घायुषी झालेल्या लेखकाचा मजकूर अमेरिकेत मुक्त आणि दुसरीकडे बंदिस्त असू शकतो. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचे मृत्युवर्षही पाहावे लागते, आणि विद्यार्थी नेमके तेच विसरतात. महोत्सवाच्या प्रवेशअर्जात ध्वनी आणि मजकूर यांच्या हक्कांची माहिती सहसा स्वतंत्रपणे द्यावी लागते. लेखकाचे नाव, मृत्युवर्ष, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि ध्वनिमुद्रणाच्या पानाचा पत्ता एवढे कामाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवले, तर पुढे धावपळ होत नाही.

पर्यायांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. सहज बोलणे हवे असेल तर स्टोरीकोअरसारखा (StoryCorps) मौखिक इतिहासाचा प्रकल्प ऐकण्यासारखा आहे. २००३ पासून तिथे दोन माणसांना समोरासमोर बसवून सुमारे चाळीस मिनिटांचे संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते, आणि त्यांतल्या काही संभाषणांवर संस्थेने स्वतः लघु-ॲनिमेशनपटही केले आहेत. लिब्रिव्हॉक्समध्ये जे नाही ते सगळे तिथे आहे : रडू आवरणे, एकमेकांना टोकणे, लांबलेला हुंकार. पण ती माणसे आपल्या आयुष्याबद्दल बोलत असतात आणि तो आवाज आपल्याला मुक्तपणे वापरण्यासाठी दिलेला नाही. ऐकून शिकावे, उचलू नये. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या २०१७ पासूनच्या उपक्रमात उलट स्थिती आहे. तिथे मराठीसह अनेक भाषांतले आवाज हक्कमुक्त आहेत, पण तो संग्रह यंत्रांना बोलणे ओळखायला शिकवण्यासाठी केलेला असल्यामुळे सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये हाती येतात. त्यांतून गोष्ट उभी राहत नाही, तालाचा सराव मात्र होतो. यंत्राने तयार केलेला आवाज हा तिसरा, आणि आता सर्वांत सोपा मार्ग. तो मी या स्वाध्यायासाठी सुचवणार नाही. त्यात श्वास असला तरी तो सांगून घातलेला असतो, आणि ज्या अनपेक्षित गोष्टीने चित्र सुचायचे ती गोष्टच त्यात सापडत नाही.

उरतो तो आपला फोन आणि आपल्या ओळखीतला माणूस. संमती घेऊन केलेले असे ध्वनिमुद्रण लिब्रिव्हॉक्सपेक्षा सरस ठरेल, यात शंका नाही. पण ज्याला आवाजात काय ऐकायचे हेच अजून उमगलेले नाही, तो तासभराचे ध्वनिमुद्रण करून आणतो आणि त्यातून एक मिनिट निवडताना हताश होतो. म्हणून माझी शिफारस क्रमाची आहे. लिब्रिव्हॉक्सच्या कवितांवर कान तयार करावा, एक छोटे काम तिथल्याच आवाजावर पूर्ण करावे, आणि मग स्वतःचा माणूस शोधावा. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी ही सेवा मी पाचांपैकी चार गुणांची मानतो. गेलेला एक गुण आवाजावरून शोध घेता येत नाही याचा आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याने त्यातून आणखी एक वजा करावा. संवादप्रधान विनोदी लघुपट ज्याच्या मनात आहे त्याने मात्र इथे वेळ घालवू नये.

श्रेयनामावलीबद्दल एक सूचना. नाव देणे बंधनकारक नसले तरी वाचकाचे नाव, तो तिथे ज्या रूपात लिहितो त्याच रूपात, आवाज या शीर्षकाखाली द्यावे आणि खाली मजकुराच्या लेखकाचे नाव व लिब्रिव्हॉक्सचा उल्लेख करावा. बरेच वाचक टोपणनावाने वाचतात, तेव्हा खरे नाव शोधून काढण्याच्या भानगडीत पडू नये. संस्थेच्या मंचावर वाचकांना निरोप पाठवता येतो. तयार झालेल्या कामाचा दुवा त्यांना जरूर कळवावा.